नकलेच्या पाठीवरची तारीख

ताई,

तुझे केस सुकरतीनं विंचरले होते. मी पोचले तेव्हा तुझी वेणी घालून झाली होती, खोबरेल चोपडून, मधोमध भांग पाडून. तू लहानपणापासून भांग डावीकडे पाडायचीस. आई किती मागे लागायची, मधोमध पाड, चेहरा भरलेला दिसतो. तू कधी ऐकलं नाहीस. मी म्हटलं, "हिचा भांग चुकला." सुकरती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बहनजी तो कब से ऐसई माँग निकारत हतीं, दीदी. तनक उते बैठ जाओ, पाँव तरफ जगह है."

सख्ख्या बहिणीला पायाशी जागा. मी बसले. तुझी गार पावलं मांडीवर घेऊन बसले. रडू यायच्या आधी माझ्या मनात काय आलं ते आज तुला सांगते, कारण आता तू मला गप्प करू शकत नाहीस. मला वाटलं, ही बाई इथून उठली पाहिजे.

अग्नी मी दिला. सुकरतीनंच मला पुढे केलं. तेही मला आवडलं नाही. माझा हक्क तिनं मला द्यावा, ही कुठली रीत?

तुला जाऊन बावीस दिवस झाले. मी अजून टिकरी टोल्यातच आहे, तुझ्या खोलीत, तुझ्या खाटेवर. बरगीला बसमधून उतरून डोंगीत पाय ठेवला तेव्हा पिशवीत तीन दिवसांचे कपडे होते. शहरात, नेपियर टाउनातल्या माझ्या घराखालच्या काकूंना रोज फोन करते, तुळशीला पाणी घाला, परवा निघते. रोज परवाच म्हणते.

त्या दिवशी किती माणसं आली, ताई. पलीकडच्या काठावरून डोंग्या येतच राहिल्या. जाळी तशीच ओली टाकून माणसं चढण चढून आली. आणि जो येईल तो मला तुझ्याबद्दल सांगत होता, मी कुणी पाहुणी असल्यासारखं. बहनजींना कारल्याची भाजी फार आवडायची. तुला? घरी तू तुझ्या ताटातलं कारलं माझ्या ताटात ढकलायचीस आणि मी ते मुकाट खायची. बहनजी निंदणीच्या वेळी बायकांबरोबर गायच्या. मी तुझा गाता आवाज जन्मात ऐकला नाही. मी सगळ्यांना हो हो म्हणत होते आणि आतून जळत होते. मयतीतसुद्धा माणसाला मत्सर होतो, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या वेळेला कोण येईल, असं मोजून पाहिलं. खालच्या काकू, त्याही गुडघे बरे असले तर.

तुझा हेवा करायची मला जुनी सवय. दवाखान्याच्या मागच्या त्या दोन खोल्यांत आपण वाढलो. बाबा रिछाईच्या कारखान्यात फिटर, उंबऱ्याच्या आत अमरावतीकडची मराठी आणि बाहेर हिंदी. तू पाच वर्षांनी मोठी, म्हणून तुझे फ्रॉक मला, तुझी पुस्तकं मला, तुझे मास्तर मला. आणि प्रत्येक मास्तरांचा पहिला प्रश्न, "शैला की बहन हो?" तुझी शिक्षिकेची ऑर्डर आली त्या दिवशी बाबा अर्ध्या दिवसाची सुटी टाकून पेढे घेऊन घरी आले. मला तहसिलीत नोकरी लागली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चांगलं झालं. शैलाला कळवलं का?"

तू निघताना म्हणाली होतीस, "एकच वर्ष, नलू. मग बदली करून घेते." त्या एका वर्षात तुझा सगळा जन्म गेला.

तू गेलीस तेव्हा टिकरी टोला खाली होता, नर्मदेच्या कडेला, काळ्या मातीत. मग धरण भरलं. गाव डोंगरावर सरकलं, त्यामागे तुझी शाळाही. दर दुसऱ्या शनिवारी तू घरी यायचीस, अंगाला धुराचा आणि मासळीचा वास, आणि पाटावर बसल्याबसल्या तुझं सुरू व्हायचं. पाणी पावसाळ्यात चढतं, हिवाळ्यात उतरतं. उतरलं की खालची जमीन चार-पाच महिन्यांसाठी उघडी पडते, गाळानं मऊ झालेली, मसूर नुसता फेकला तरी उगवेल अशी. पण बांध वाहून गेलेले, खुणेची झाडं कुजलेली. कुणाचं शेत कुठलं, ते म्हाताऱ्यांच्या डोक्यात तेवढं उरलेलं. मग बाहेरची माणसं ट्रॅक्टर घेऊन उतरतात. ज्याचा ट्रॅक्टर आधी, त्याची जमीन.

"जमीन ह्यांची, बुडाली ह्यांची, अन् वर आली की दुसऱ्याची? हे काहून सोसायचं?" तू आईला विचारायचीस.

"आधी जेव," आई म्हणायची.

मी वाढत असायची. तुझी मागणी मला तोंडपाठ झाली होती: सरकारला उघड्या जमिनीचे, गाळपेराचे मुदतीचे पट्टे द्यायचेत नं, मग आधी ज्याची जमीन होती त्याला द्या. मला ते पटायचंसुद्धा. पण तू कधी विचारलं नाहीस, नलू, तुझ्या ऑफिसात काय चाललंय? मी काय काम करते ते तुला माहीत होतं का, याचीही मला शंका होती.

मग एका बुधवारी तू माझ्या खिडकीशी आलीस. मी नकल शाखेत होते; खसऱ्यासारख्या जुन्या जमीन-नोंदींच्या सही-शिक्क्याच्या प्रती, म्हणजे नकला, काढून द्यायच्या, एवढंच आमचं काम. तुझ्या मागे एक काळीसावळी, ठेंगणी बाई उभी होती, हीच सुकरती. गळ्यात चांदीची हसली, डोक्यावर पदर.

"नलू, धरणाच्या आधीचा खसरा तुमच्याकडे असेल नं?"

"रांगेत ये," मी म्हटलं.

तू खरंच रांगेत जाऊन उभी राहिलीस. हसली नाहीस, रागावली नाहीस. नंबर आल्यावर म्हणालीस, "बाबूजी, एकेचाळीस घरांच्या नकला पाहिजेत. यादी ही घ्या." माझी मैत्रीण पलीकडच्या टेबलावर तोंडाला पदर लावून हसत होती. आणि मला, ताई, इतका आनंद झाला होता की ती यादी मी दोनदा मोजली. तुला माझी गरज लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

ते तीन महिने माझे सगळ्यांत चांगले. दर बुधवारी तू यायचीस. मी रेकॉर्ड रूममध्ये नाकाला रुमाल बांधून कागदांचे बस्ते उपसायची. कापडावर चिकटवलेला गावाचा जुना नकाशा मलाच सापडला, ज्याला आमच्याकडे लट्ठा म्हणतात. एक कोपरा वाळवीनं खाल्लेला, बाकी सगळं गाव जसंच्या तसं: प्रत्येक शेत, विहीर, आंब्याची झाडं, मसणवट. मी ठरवलं होतं, हा तुला एकटीला दाखवायचा. पण तू आलीस ती सुकरतीला घेऊनच. तू नकाशावर बोट ठेवलंस आणि तुझे डोळे भरले, आणि सुकरतीनं विचारलं, "हमाओ कौन सो है?" मग तुम्ही दोघी त्या कापडावर वाकून नदीपासून पावलं मोजत मोजत तिचं शेत शोधायला लागलात. मी दिवा धरून उभी.

चहाच्या टपरीवर मी तुझ्या चहात दोन चमचे साखर सांगितली, घरी तू घ्यायचीस तशी. सुकरती मधेच म्हणाली, "बहनजी शक्कर नईं लेतीं." तू माझा गोड चहा पिऊन टाकलास. पण मला कळलं. तुझ्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते सगळं जुनं झालं होतं.

"काहून आणतेस तिला दर वेळी?" मी विचारलं.

"तिचीच जमीन आहे नं, नलू."

तू उत्तर बरोबर दिलंस. माझा प्रश्न दुसराच होता.

आता दसऱ्याच्या आठवड्याचं. आई न्हाणीत पडली होती, पायाला प्लास्टर. तू कबूल केलं होतंस, आठ दिवस येऊन राहते, तू जरा मोकळी हो. आईनं त्या दिवशी निळं लुगडं नेसवून घेतलं. दार उघडं ठेवायला लावलं. दुपारी बसचा कंडक्टर निरोप देऊन गेला: सुकरतीचे दिवस भरलेत, डोंगी मिळत नाही, बहनजी तिच्याजवळ थांबल्यात. आई म्हणाली, "बरोबर आहे. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या आठवड्यात आईचं सगळं मी केलं. बेडपॅन, स्पंजिंग, खिचडी. आणि तिनं मला सतरा वेळा विचारलं असेल, शैलाचा काही फोन?

सोमवारी ऑफिसात गेले तर एकेचाळीस नकला सह्या होऊन, शिक्के पडून माझ्या टेबलावर. पट्ट्यांच्या यादीसाठी शनिवारी शेवटची सुनावणी होती, नकला जोडल्या तरच जुना मालक म्हणून नाव चढणार होतं. मला शनिवार माहीत होता, ताई. हे मी कितीदा स्वतःला वेगळं सांगून पाहिलं. कामाचा ताण होता, आईचं दुखणं होतं, लक्षात राहिलं नाही. तसं नव्हतं. मला शनिवार चांगला माहीत होता. मी गठ्ठा उचलला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

बुधवारी तू आलीस, एकटीच, डोळे जागरणानं लाल. आईची चौकशी केलीस, घरी जाऊन आले म्हणालीस. "नकला?"

"सही व्हायची आहे."

शुक्रवारी परत आलीस. "साहेब दौऱ्यावर आहेत," मी म्हटलं. तू खिडकीचा गज धरलास. म्हणालीस, "तुझ्याकडून होईल तेवढं करतेच आहेस तू." आणि गेलीस. तेव्हाही मी खण उघडू शकत होते. तू जिन्याच्या वळणावरच होतीस.

पुढच्या मंगळवारी मी तुला गठ्ठा दिला. तोवर यादी बंद झाली होती.

त्या हिवाळ्यात टिकरी टोल्याच्या जमिनीवर बाहेरचे ट्रॅक्टर फिरले. तुम्ही सगळे काठावर उभे राहून बघत होता, हे तू मला नंतर सांगितलंस, अगदी साध्या आवाजात. गावातले पुरुष नरसिंहपूरकडे ऊसतोडीला गेले. सुकरतीचा नवरा बिसराम गुऱ्हाळावर लागला. चरकात ऊस सारताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती महिन्याची पोर कुशीत घेऊन सुकरती त्याला बघायला गेली, तू बरोबर गेलीस. घरी येऊन तू हे आईला सांगत होतीस तेव्हा मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. ती इतकी सैल झाली की शेवटी गाईला घातली.

पुढल्या वर्षी यादी दुरुस्त झाली. एकेचाळीस घरांना पट्टे मिळाले. गावात कार्यक्रम झाला, मला बोलावणं आलं, मी आईला घेऊन डोंगीनं आले. तुला हार घालायला रांग लागली होती. तू माईक हातात घेतलास आणि पहिलं वाक्य म्हणालीस, "ये कागज मेरी छोटी बहन ने निकाले हैं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ बिसरामच्या हातून. तो मी त्याच्या उरलेल्या तीन बोटांतून घेतला, वर बघितलं नाही. आणि तरी, खरं सांगू? त्या टाळ्या संपल्यावर पुन्हा सगळे तुझ्याकडे वळले तेव्हा मला वाईट वाटलं.

त्यानंतर आपली दोघींची भांडणं ठरलेली. तू म्हणायचीस, "नलू, ये नं राहायला चार दिवस." मी म्हणायची, "तुला काय घर नाही? आई काय एकट्या माझीच आहे?" तू म्हणायचीस, "आईला पण आण. इथली हवा चांगली आहे." मी म्हणायची, "हवेवर म्हातारी माणसं जगत नाहीत." हे भांडण आपण किती वर्षं एकाच चालीवर भांडलो. तू एकदाही जिंकली नाहीस, मीही नाही. शेवटच्या महिन्यांत आईनं मला ओळखणं सोडलं होतं. कपाळावर हात ठेवला की म्हणायची, "शैला, आलीस?" मी म्हणायची, "हो." मग ती शांत झोपायची. तुझ्या नावानं मी तिला दोन महिने झोपवलं. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला आनंद झाला असता, म्हणून सांगितलं नाही.

तेरावा झाला. गावजेवण झालं. लोक पांगले. सुकरती तुझी ट्रंक घेऊन खोलीत आली आणि किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "देख लो दीदी, तुमाओ हक है." आत चार लुगडी, शाळेचे हजेरीपट, आईबाबांचा फोटो. तळाशी कापडात गुंडाळलेला गठ्ठा. एकेचाळीस नकला. पट्टे झाल्यावर लोकांनी त्या तुझ्याकडेच ठेवल्या होत्या, घरांत पाणी गळतं म्हणून.

सगळ्यांत वरची सुकरतीच्या सासऱ्याच्या नावाची. तिनं ती हातात घेतली आणि उलटी केली. तिला वाचता येत नाही, ताई, पण बोट बरोबर त्या जांभळ्या शिक्क्यावर ठेवलं.

"जा में दो तारीख हैं," ती म्हणाली. "एक तैयार भई, एक दई गई. बीच में आठ दिन."

मी खाटेचा कठडा धरला. इतकी वर्षं नकल शाखेत काढली, हजारो शिक्के मारले असतील मी. आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. नकल तयार झाल्याची तारीख आणि नकल दिल्याची तारीख. तयारची आमच्या शाखेच्या बड्या बाबूंनी सोमवारीच टाकली होती. दिल्याची मी, माझ्याच हातानं, मंगळवारी.

"तुला कुणी सांगितलं?"

सुकरतीनं सांगितलं ते असं. त्या मंगळवारी ती ओली बाळंतीण असून तुला न्यायला बरगीच्या काठाला आली होती, तुम्ही दोघी डोंगीत बसलात. तुझा नेम होता, कुठलाही कागद आला की ज्याचा असेल त्याला तो अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचा, दोन्ही बाजूंनी. कागदावर काय आहे ते आपल्याला माहीत नाही, असं एकाही घराला पुन्हा वाटता कामा नये, म्हणायचीस. तर तू तिची नकल वाचायला घेतलीस. पुढची बाजू झाली. उलटून मागचं वाचलंस, पहिली तारीख, दुसरी तारीख, आणि थांबलीस. तू थांबल्यावर सुकरतीला कळलं. तिनं विचारलं, "तो कागज सोमवारई बन गओ थो?" तू म्हणालीस, "हो." तिनं विचारलं, "तो दीदी ने काहे नईं दओ?" तू म्हणालीस, "दसऱ्याला मी तिच्याकडे राहायला गेले नाही म्हणून."

मग डोंगी काठाला लागली. उतरताना तू तिला म्हणालीस, "तुला वाटत असेल तर गावात सांग. मी नाही म्हणणार नाही." सुकरती घरी गेली, पोरीला पाजलं, आणि सांगितलं नाही.

आणि तू, ताई, संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून बाकीच्या चाळीस घरांना नकला वाचून दाखवल्यास. फक्त पुढची बाजू. सुकरती समोर बसली होती. ती म्हणाली, "बहनजी ने ओई दिना पाछू नईं पढ़ो. न पहले कभऊँ, न बाद में."

तुझा नेम तू माझ्यासाठी मोडलास. त्या लोकांसमोर, ज्यांच्यासाठी तू आईला सोडलंस, मला सोडलंस. मी किती वर्षं शोधत होते की तुझ्याकडे माझ्यासाठी काही आहे का, आणि ते ह्या ट्रंकेत पडून होतं. हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू मला रागावायला पाहिजे होतंस. एक कानफटात मारली असतीस तरी चाललं असतं, मोठी बहीण होतीस नं. "का बोलली नाही ती मला?" मी सुकरतीला विचारलं.

"कहत रहीं, बोल दई तो नलू आबो छोड़ देहै."

बोलले तर नलू यायची बंद होईल. खरं आहे. मी बंदच केलं असतं.

पण बघ, हे कळल्यावरही माझं मन कुठे गेलं. वीस वर्षं तुम्ही दोघींनी ते सांभाळलं. मी टोल्यावर यायची तेव्हा सुकरती मला गूळ घालून चहा द्यायची, बिसरामच्या बोटांकडे मी न बघता बसायची, आणि तुम्ही दोघी सगळं जाणून असायच्या. गुन्हा माझा, आणि त्यातही तुम्ही दोघी एकत्र, मी बाहेर. मला रडू आलं ते कशाचं, मला नीट सांगता येत नाही. सुकरतीनं मला जवळ घेतलं नाही. पाठीवर हातही ठेवला नाही. ट्रंकेचं झाकण धरून बसून राहिली. मला ते बरं वाटलं.

"बिसरामला माहीत आहे?"

"नईं. हमने नईं कही. बहनजी ने हम पे छोड़ी ती, हम तुम पे छोड़ रए."

तीन दिवस मी तुझ्या खोलीतून बाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी तुझी झोळी उघडली. आत अर्धवट भरलेले अर्ज. पट्ट्यांची मुदत संपलीय, नवी यादी व्हायची आहे, तीच कटकट पुन्हा, आणि तू सव्विसाव्या घरापर्यंत येऊन थांबलेली. तुझं अक्षर शेवटच्या दोन अर्जांत वाकडं झालंय. बरं नव्हतं तुला, आणि तू मला फोनवर म्हणालीस, "मजेत आहे." सत्ताविसावा अर्ज मी भरला. मग अठ्ठाविसावा. बिसरामचा एकोणतिसावा होता. तिथे माझा पेन थांबला.

मी खाली गेले. पाणी बरंच उतरलंय. बिसराम ओल्या गाळात खुंट्या ठोकत होता, डाव्या हातानं हातोडा धरून. मी चपला काढल्या आणि त्याच्यापर्यंत चालत गेले, पाय पोटरीपर्यंत रुतत होते. त्याला सांगितलं. हिंदीत सांगितलं, सरळ, कारणं न देता. कागद तयार होते. मी खणात ठेवले. मला शनिवार माहीत होता.

त्यानं धरलेली खुंटी सोडली. मग त्यानं विचारलं, "बहनजी खाँ पता थो?"

"हो."

"औ जाखाँ?" त्यानं मानेनं वर, घराकडे दाखवलं.

"हो. तिलाही."

त्यानं हातोडा गाळात टाकला आणि काठाकाठानं चालत निघून गेला. मी चपला हातात घेऊन वर आले. त्या दिवशी सुकरतीच्या घरी चूल पेटली की नाही, मला माहीत नाही. माझ्याकडे कुणी जेवायला बोलवायला आलं नाही. चार दिवस बिसराम ह्या बाजूला फिरकला नाही. सुकरती पाण्याला जाताना माझ्या दारावरून गेली, पण थांबली नाही. मी तुझ्या स्टोव्हवर भात शिजवला आणि अर्ज भरत राहिले. निघून जावं असं फार वाटलं. बस सकाळी नवाला असते.

आज पाचव्या दिवशी तो आला. ओट्यावर बसला, आत आला नाही. "दीदी, हमाओ कागज भर गओ?"

मी अर्ज त्याच्यासमोर धरला आणि वाचून दाखवला, नाव, बापाचं नाव, जुना खसरा नंबर, चतुःसीमा. मग त्याची जुनी नकल काढली. पुढची बाजू वाचली. उलटी केली आणि मागची वाचली. पहिली तारीख. दुसरी तारीख. दोन्ही मोठ्यानं वाचल्या. तो जमिनीकडे बघत होता. वाचून झाल्यावर त्यानं अंगठा उठवला, पंच्यानं शाई पुसली, उठला. चार पावलं गेला आणि मागे न वळता म्हणाला, "अबकी देर मत करियो."

सुनावणी सोमवारी आहे. सगळे एकेचाळीस अर्ज तयार आहेत, उद्या मी ते घेऊन तहसिलीत जाणार आहे. माझ्या जुन्या खिडकीत अर्ज घ्यायला आता एक नवी मुलगी बसते, ती मला ओळखत नाही. रांगेत उभी राहीन.

ताई, तुझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. इथली प्रत्येक वाट, प्रत्येक माणूस तुझा आहे. मी ओट्यावर बसले तरी लोक म्हणतात, बहनजी इथे बसायच्या. पण बिसरामनं आज जे म्हटलं ते तुला कधी कुणी म्हटलं नसतं. तुला म्हणायची वेळच कुणावर आली नसती. ते तो मला म्हणाला, मी काय केलं ते जाणून म्हणाला. ह्या गावात तेवढं एक माझं आहे, आणि ते मी तुला देणार नाही.

नलू